न जुळल्यास

गावाचं नाव सूर, आणि प्रिंटर बेसूर.
हा विनोद कळणारं दुकानात कुणी नव्हतं,
म्हणून मनातच हसलो आणि बॅग उघडली.

लॉन्ड्री खाडीलगत. रॅकवर तीनशे दिशदाशा,
सगळ्या पांढऱ्या, एकाच माणसाच्या वाटाव्यात अशा.
कॉलरमागे बोटभर कापडी पट्टी, तिच्यावर नाव.
ते नाव गेलं की वकील कोण, मासेवाला कोण,
कापड थोडंच सांगणार?
चार दिवस पट्ट्यांवर नुसती प्रश्नचिन्हं.
मालक खल्फान म्हणाला, माझा सख्खा मेहुणा
काल दुसऱ्याच्या कपड्यांत मशिदीत गेला.

संगणक बाराशे छप्पन्नात बोलतो,
प्रिंटरला आठशे चौसष्टच कळतं.
मध्ये एक साधी टेक्स्ट फाइल, दुभाष्यासारखी:
डावीकडे काय आलं, उजवीकडे काय द्यायचं.
आधीच्या माणसानं ग्रीकची फाइल ठेवली होती
आणि नोकरी सोडून गेला होता.

बसलो. एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
एका ऐनचीच रूपं चार:
एकटा असला की वेगळा, सुरुवातीला वेगळा,
दोघांत सापडला की ओळखूच येत नाही,
आणि शेवटी शेपूट सोडून बसतो.
शिवाय सहा अक्षरं अशी, जी मागच्याचा हात धरतात,
पुढच्याला मात्र आपला देत नाहीत.
हे ऐकून दिलमुरादनं इस्त्री उभी केली.
म्हणाला, आमच्या खोलीतही सहाच जण आहेत.

अस्रच्या बांगेपर्यंत पट्टीवर खल्फान उमटला,
उजवीकडून डावीकडे, नीट.
शेवटचा नून तेवढा सुटा;
पण तो सुटाच असतो.

फाइलच्या तळाशी एक ओळ उरते:
न जुळल्यास काय छापायचं.
तिथे प्रश्नचिन्हाचा आकडा टाकतात, जगभर.
तक्त्यात दोन-चार घरं रिकामी होती,
चोवीस आडवे, चोवीस उभे ठिपके.
खल्फान चहा सांगायला गेला होता.
मी एक वाटोळं भरलं,
शेजारी दुसरं,
वर रेघ ओढली.

इथल्या कार्डावर मी बालासूली आहे.
प त्यांच्याकडे नाही. ळचं तर विचारूच नका.
पळसुले आता फक्त पासपोर्टवरच्या सहीत राहतो.

तीन महिन्यांनी दिलमुरादचा फोन आला,
मी सोहारला शिडीवर होतो, दातांत केबल.
'माझ्या कुर्त्याच्या पट्टीवर, बलोचच्या शेवटी,
चष्म्यासारखं काहीतरी येतं.'
केबल हातात घेतली. म्हटलं,
तुझा च त्या तक्त्यात नाही.
'मग हे काय?'
अक्षर आहे.
'कुणाचं?'
खाली सुपरवायझर घड्याळ बघत होता.
म्हटलं, गुरुवारी येतो, काढून टाकतो.

'नको, राहू दे,' तो म्हणाला. 'लगेच सापडतं.
बेकरीतला गुलजमान आहे ना,
त्याला तर सुरुवातीलाच येतं.
आणि परवापासून मालकानं
दाराजवळची खुंटी वेगळीच करून दिलीय,
चष्मेवाल्यांची.'