नडुगड्डे

काहिलीत चौघांनी बसायचं म्हणजे
गुडघ्यांत गुडघे अडकवायचे.
गुऱ्हाळाच्या दिवसांत हिच्यात रस उकळतो,
एप्रिलात ही निंगाप्पाची होडी.
काठाला अजून गुळाचा काळा पापुद्रा.
प्रणितनं बोट फिरवून चाटून बघितलं,
मी बघितलंच नाही.

"हलू नका," निंगाप्पा कानडीत म्हणतो.
जोतिबा, ज्यानं आजवर पाणी
बादलीपेक्षा खोल पाहिलं नाही,
मुलांना सांगतो, काही होत नसतंय, निवांत बसा,
आणि त्याचा हात माझ्या दंडावर
पक्कडीसारखा.

समोर बेट.
दिवाळीला ते नव्हतं म्हणे.
माघात टाळू वर आली,
आता दोन क्रिकेटची मैदानं मावतील एवढं झालंय.
मे संपता संपता काठाला जाऊन चिकटेल,
मग त्याला बेट कोण म्हणेल?

समीनं विचारलं, याला नाव काय?
नडुगड्डे, निंगाप्पा म्हणाला.
"ते नाव नाही गं," मी म्हटलं, "बेटाला कानडीत तसंच म्हणतात."
"माहीत आहे की. नडू म्हणजे मधे.
नडू म्हणजे कंबरसुद्धा.
आपण पाण्याच्या कमरेवर चाललोय, आई."
सहावीत आहे. घरी मराठी, शाळेत कानडी,
भांडायला दोन्ही.

उतरल्यावर जोतिबाचा हात सुटला.
डबा उघडला, चपात्या, शेंगाचटणी,
येताना गोकाकात घेतलेला करदंट
उन्हानं कागदाला चिकटलेला.
चपटे दगड शोधून त्यानं पाण्यावर भाकऱ्या काढल्या,
एक, दोन, पाच.
प्रणितचा दगड सरळ बुडायचा
आणि तो दर वेळी टाळ्या वाजवायचा.

मग समी दिसेना.

केवढं ते बेट! झाड नाही, आडोसा नाही,
नुसता मधे एक उंचवटा, बैलाच्या वशिंडाएवढा,
आणि त्याच्या पलीकडे पाणी.
मी हाक मारली. दुसरी मारली.
तिसरीला माझा आवाज
माझा राहिला नव्हता.
"इल्ले अदाळ्‌ री," निंगाप्पा बिडी न विझवता म्हणाला,
इथंच आहे हो.
इथंच म्हणजे कुठं, सगळीकडे पाणी असताना?
चप्पल एक पायात, एक हातात.

उंचवट्याच्या पलीकडे ती उकिडवी बसलेली,
तोंडावर बोट.
तिच्यापासून चार हातांवर
दगडांत दगडांच्या रंगाची चार अंडी,
आणि वर टिटवी,
माझ्यापेक्षा मोठ्यानं, माझ्यापेक्षा जास्त वेळ,
डोक्यावरून झेपावत, वळत, पुन्हा झेपावत.

"तू ओरडलीस की ती जास्त ओरडते," समी कुजबुजली.
"तुला कुणी घाबरवलंय, असं वाटतं तिला."
रागवायला किती काय काय घेऊन आले होते मी.
टिटवीनं समुद्र आटवला म्हणतात.
मी गप्प झाले.
दोघी उलट्या पावलांनी मागे सरत आलो,
तिचा हात माझ्या हातात,
मी धरलेला की तिनं, सांगता येणार नाही.

परतताना ऊन कललं होतं.
प्रणित माझ्या मांडीवर झोपला, मुठीत शंखगोगलगाय.
जोतिबानं पुन्हा दंड पकडला,
मी पुन्हा मुलांना सांगितलं, हलू नका.
कुणी काही बोलत नव्हतं. समी मागं बघत होती,
टिटवीचा आवाज बारीक बारीक होत गेला,
पण थांबला नाही.

काठ अजून शंभर पावलं लांब असेल,
निंगाप्पानं वल्हं आत टाकलं
आणि काहिलीतून सरळ उडी मारली.
जोतिबा "अरे!" म्हणून किंचाळला.
निंगाप्पा उभा होता,
काहील ओढत, बिडी दातांत धरून,
पाणी त्याच्या कमरेला.

"येताना पण एवढंच होतं?" जोतिबानं विचारलं.
"एवढंच की."

समी हसायला लागली ती थांबेना.
नडू, ती म्हणाली. बाबा, नडू.
जोतिबानं माझा दंड सोडला नाही,
पण हसला.