शिडीवरून

लिएपायाच्या स्नानगृहातल्या मोठ्या दालनात, एकतीसच्या ऑगस्टात,
मी शिडीवर उभी असे.
भिंतीवर पुरुषभर उंचीचा पट, हातात आकडीची काठी.
खाली दोघं खेळत,
वर मी त्यांची खेळी टांगत असे.
दिवसाला अर्धा लात्स आणि संध्याकाळी उरलेला काळा पाव.

सातव्या फेरीला इंद्रिकिस बसला.
रेल्वेतला सांधेवाला, नखांत वंगण.
समोर बुडापेस्टचे डॉक्टर लोरांत,
हातमोजे काढून घडी करून ठेवलेले.
राजापुढचं प्यादं दोन घरं. समोरूनही तसंच.
मग इंद्रिकिसनं उंटापुढचं प्यादं ढकललं:
घ्या, फुकट.

पहिल्या रांगेत कुणी हसलं. आजोबांच्या वेळची चाल!
हातचं सोडून पळत्याच्या पाठी,
तेही स्वतःच्या राजाचं दार सताड टाकून.
त्याला दुसरी सुरुवात येतच नव्हती, म्हणे.
त्याच्याकडचं एकुलतं पुस्तक बाराव्या पानाशी फाटलेलं,
पुढच्या पानांत झेल्मानं, त्याच्या बायकोनं,
बाजारात मासे बांधून विकले.

पंधराव्या खेळीला माझा हात चुकला.
घोडा पटाच्या मध्यात जायचा,
मी तो दोन घरं उजवीकडे टांगला.
दालनाचा श्वास अडकला. एका म्हाताऱ्यानं टाळीसुद्धा वाजवली.
पंच खाकरले.
कानापर्यंत लाल होत मी घोडा काढला, जागेवर नेला.

तेवढ्यात इंद्रिकिसनं मान वर केली होती का?
केली होती.
मला वाटतं, केली होती.
पण खिडकीतलं ऊन त्याच्या डोळ्यांवर होतं,
आणि तो जांभई देत असावा, असाही दिसला.

चार खेळ्यांनी त्यानं हत्ती मरू दिला,
आणि दुसरा घोडा अडीच घरं उडून
नेमका त्या घरात बसला
जिथे माझ्या आकडीचा ओरखडा अजून ताजा होता.
डॉक्टर चाळीस मिनिटं बघत राहिले.
चहा निवला, लिंबाची चकती तळाला गेली.
मग त्यांनी राजा आडवा केला,
झोपलेलं मूल ठेवावं तसा.

आता पुस्तकांत त्या खेळीपुढे दोन उद्गारचिन्हं असतात
आणि त्या सुरुवातीच्या एका फांदीला आमच्या गावाचं नाव.
इंद्रिकिस पुढच्याच फेरीत एकोणीस खेळ्यांत हरला
आणि रात्रपाळीला गेला.
जाताना शिडीच्या पायरीवर पुडी ठेवून गेला,
काही न बोलता. धुरावलेला मासा.

मासा मी खाल्ला. कागद ठेवला.
पान तेरावं.
त्यावरची आकृती तेलानं आरपार झालीय,
घोडा या बाजूचा की मागच्या पानावरचा,
अजून सांगता येत नाही.