पुठ्ठा

हडर्सफील्डचा उतार. रात्री गाडीखाली
कॉर्नफ्लेक्सचं खोकं उलगडून सरकवलं.
सकाळी त्यावर तीन थेंब,
गुलाबी.

तेल नव्हे. ब्रेकचंही नव्हे.
बोटावर घेऊन हुंगलं:
गोडसर, पाक करपायला लागावा तसा वास.

शेजारचे ओल्डरॉइड कंबर धरून वाकले.
‘थेंब पडतो तिथंच गळतं असं नाही, पोरी.
आधी सगळं पुसून कोरडं कर.
मग चढाच्या बाजूला बघत जा.’

पुसलं. टॉर्च दातांत, पाठ ओल्या डांबरावर.
नळीच्या क्लॅम्पपाशी पांढुरकी कड,
न्हाणीतल्या नळाला धरते तशी.
किती हिवाळे पाझरत होती कोण जाणे,
आणि मी दर रविवारी
वरून काचा चकाचक करत होते.

दोन आटे आवळले.
आज पुठ्ठा कोरडा.
तरी उचलून हुंगला.