निरगाठ

वाल्पराइसो. जुलै, म्हणजे इथला हिवाळा.
टेकडीवरच्या पत्र्याच्या खोलीत
मी खुर्चीच्या पायाला गाठी मारतेय,
सुरगाठ नव्हे, निरगाठ,
सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस.
रेशीम संपलं गेल्या आठवड्यात,
आता शेजारच्या नेल्सोनची मासे धरायची तंगूस.

पित्ताशयं पुढे ढकललीत, हर्निया पुढे ढकललेत.
मार्चनंतर नोंदवहीचे रकाने कोरे
आणि तिसरं वर्ष काही थांबत नाही.
दिवसभर माणसं उपडी करते,
पाच जणांनी मिळून, एक दोन तीन,
नळी सांभाळत, अख्खा माणूस.
आईला फोनवर म्हणाले,
सर्जन व्हायला आले आणि लोकांची कूस बदलतेय.
ती म्हणाली, तुझं वर्षभर तेच केलं मी.

सात वाजता डॉक्टर गोइकोलेआ पडद्यावर.
माझ्याकडे बुटांचं खोकं,
झाकणाला दोन भोकं, दोन लांब चिमटे,
आत फोनचा डोळा आणि संत्र्याचं साल.

थिएटरात हा माणूस तीनदा 'अंहं' म्हणायचा,
चौथ्यांदा हातातून सुई काढून घ्यायचा.
दोन वर्षं मी त्यांचे हात बघत शिकले,
म्हणजे, शिकतेय असं वाटत राहिलं.
आता काहीच काढून घेता येत नाही त्यांना.
शब्द शोधावे लागतात.

'मनगट… नाही, मनगट नव्हे.
रात्री उशिरा घरी येतेस,
सगळे झोपलेले, कुलपात किल्ली फिरवतेस ना?
तशी.'
आणि थांबतात.
बहुधा त्यांनाही आत्ताच कळलंय
आपण इतकी वर्षं सुई कशी फिरवतो ते.

काल नऊ नंबरला उपडं करताना
पोटावर एक व्रण दिसला. अपेंडिक्स, फेब्रुवारी.
तिसरा टाका किंचित तिरका.
माझाच.
अशी पडली पुन्हा गाठ.
पाटीवर नाव वाचलं, एलियासेर, गोदीतला क्रेनवाला.
त्या वेळी विचारत होता, किती दिवसांनी वजन उचलू?
व्रण गादीखाली गेला, पाठ वर आली.
बराच वेळ मी ती पाठ हलताना बघत राहिले.

गोइकोलेआंना यातलं काही सांगितलं नाही.
म्हटलं, तिसरा टाका परत एकदा दाखवा.
'दाखवता येत नाही,' ते म्हणाले,
खुर्ची पुढे ओढली,
'सांगतो.'