पावतीवरचं नाव

नोटीस आली तेव्हा मी पोळ्या लाटत होते.
पिठाच्या बोटानेच फोन उघडला:
महोदय / महोदया,
एकाच पाल्याच्या शिक्षण शुल्काची पूर्ण वजावट
दोन करदात्यांनी घेतल्याचे निदर्शनास आले आहे.
नऊ हजार तीनशे साठ, अधिक व्याज.

दोन करदाते.
चार वर्षांत कोणी आम्हाला
एका वाक्यात बसवलं नव्हतं.

मी बरोबर होते. हे आधी सांगते,
कारण तेव्हा मला त्याची फार सवय होती.
फी मी भरते, वह्यांना कव्हरं मी घालते,
तापात रात्रभर पट्ट्या मी बदलते.
एवढं सगळं पिशवीत भरून
धायरीहून स्वारगेटला गेले, उभ्याने.

ढमढेरे मॅडमनी चष्मा वर सरकवला.
"पावती बघू."
श्री. विश्राम गुळवे यांजकडून साभार पोहोचले.
मी म्हटलं, शाळेचं मशीनच तसं आहे,
मुलीच्या नावापुढे वडिलांचं लागतं ना,
ते तिथून उचलतं आणि पैशांनाही लावतं.
खातं माझं आहे. हे बघा पासबुक.

त्यांनी पासबुकावर लाकडी पट्टी ठेवली
आणि एकेक ओळ खाली उतरत गेल्या.
जून, साडेबावीस हजार. आहे.
जुलै, विम्याचा हप्ता. ऑगस्ट, गॅस.
नोव्हेंबर.
डिसेंबर.
"दुसरा हप्ता कुठंय, ताई?"

डिसेंबरात मी सोलापुरात होते,
आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला, एकवीस दिवस.
शर्वरी त्याच्याकडे.
परत आले तेव्हा फी भरलेली होती
आणि मी धरून चालले की मीच भरली,
जसं अर्ध्या रस्त्यात आपण धरून चालतो
की कुलूप लावलंय.

झेरॉक्सवाल्याच्या टपरीशी उभी राहून फोन केला.
"हो, रोख भरली. बोनस आला होता.
सांगितलं नाही. तू म्हणाली असतीस, उपकार नकोत."
म्हणाले असते.
"पण मीही पूर्ण दाखवली. नाव होतं ना माझं.
म्हटलं, निदान कागदावर तरी…"
मागे कारखान्याचं काहीतरी घरघरत होतं,
त्यात ते वाक्य तसंच राहिलं.

ढमढेरे मॅडम म्हणाल्या, दोघांचं लेखी आणा,
निम्मं निम्मं भरा, मिटलं.
त्याने कोऱ्या पानावर चार ओळी लिहून पाठवल्या.
'भरली' मधली वेलांटी अजूनही ऱ्हस्व काढतो.
चार हजार सहाशे ऐंशी, वर व्याज.
चलन फाडलं, शिक्का घेतला,
परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली.

रात्री शर्वरी म्हणाली, मला माहीत होतं.
बाबाने मलाच मोजायला दिल्या होत्या,
पाचशेच्या पंचेचाळीस.
मग बोलली का नाहीस?
"तू विचारलंसच नाही.
तू सांगत होतीस."

या जूनमध्ये शाळेच्या खिडकीशी विचारलं,
पावतीवरचं नाव बदलता येतं का?
आतल्या पोराने मान न वळवता सांगितलं,
एकच बसतं मॅडम, ते आधीपासून भरलेलंय.
मागे रांग होती.
राहू दे म्हटलं.
पावती उलटी केली, भिंतीला टेकवली
आणि पेनने लिहिलं, पेन दोनदा रुसलं:
पहिला हप्ता, मी.
खाली थोडी जागा सोडली.