तोंडी आदेश

दुपारी एक चाळीस. भरती चार मीटर सत्त्याऐंशी.
तक्ता मे महिन्यातच छापून भिंतीला लावला होता;
समुद्र तेवढा वेळेवर आला.

मी विधी विभागाची. या आठवड्यात बेलापूरला
नियंत्रण कक्षात बसायची पाळी माझी.
टेबलाच्या काचेखाली कायद्याची झेरॉक्स:
चौतिसाव्या कलमात अधिकार, ते जिल्ह्याचे.
एक्केचाळिसाव्यात आम्ही, तिथे कामांची यादी.

फोन वाशीच्या धारण तलावावरून, मढवींचा.
“मॅडम, फडकी लागत नाय. चौकटीत तिवरं रुजलीत.
खाडी सरळ आत येते. तोडू?”

कागदावर त्यांना कांदळवन म्हणतात.
फांदी तोडायची तरी उच्च न्यायालयात जायचं,
आणि आमचा अर्ज तीन वर्षं
त्रुटींसाठी इकडून तिकडे फिरतोय.
त्यातल्या दोन त्रुटी माझ्या.

साहेब ठाण्याला, बैठकीत. फोन लागत नाही.
सेक्टरात पाळणाघराच्या भिंतीवर
रंगवलेला हत्ती गुडघाभर पाण्यात;
बाईंनी मुलांना टेबलांवर उभं केलंय,
दुसऱ्या फोनवर ऐकू येतं: बे चोक आठ.

मढवींचा बाप या खाडीवर उघाडी राखायचा.
मिठागरं, खाचरं, दोन गावांचं भात त्याच्या हातात.
कधी लावायची, कधी काढायची
ते तिथीवर. विचारायचं कोणाला?

“तोडा,” मी म्हटलं.
मढवी गप्प. मग,
“लेखी द्याल?”

नोंदवहीत रकाना आहे: आदेश कोणाचा.
मी नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट,
सुलक्षणा दत्ताराम वझरकर, विधी सहायक.
असा आदेश द्यायचा मला अधिकार नाही
हे त्या इमारतीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

नोटीस आठव्या दिवशी आली.
‘आपणांविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये’
हा मसुदा माझाच, दोन वर्षांपूर्वीचा;
चुकीच्या जागचा स्वल्पविरामसुद्धा तसाच.
पंचनाम्यात अकरा बुंधे, घेर सेंटिमीटरमध्ये.
हत्तीचा उल्लेख नाही.

खुलाशात लिहायचंय: सद्भावनेने.
त्र्याहत्तरावं कलम आहे त्यासाठी.
शब्द चांगला आहे,
पण सहपत्र काय जोडू?

मढवी दारात उभे. त्यांचं एवढंच म्हणणं,
जप्त केलेला कोयता कधी सुटेल.
अमावास्येला पुन्हा मोठी भरती आहे.