एकोणीस बाय एकोणीस

पेन्सिल घ्यायची, ब्रश नाही.
ब्रशच्या कडा ओघळतात,
आणि इथे एकेक चौकोन मोलाचा.
एकोणीस आडवे, एकोणीस उभे,
एवढ्यात माणसाचं तोंड बसवायचं.

चित्र सोळापट मोठं केलं
की पडद्यावर फरशी पसरते
राखाडी-पांढरी; म्हणजे अजून काहीच नाही.
बाहेर लिएपायाच्या बंदरात वारा
दोर आपटतोय लोखंडी खांबांवर.
वजनकाट्याच्या केबिनमध्ये रात्रपाळीला मी.
चारपर्यंत एकही ट्रक यायचा नाही.

हे सुरू झालं विल्निसमुळे.
आमच्या खालच्या मजल्यावरचा विल्निस,
एकतीस वर्षं ट्राम चालवली त्याने.
मार्चमध्ये मेंदूत रक्ताची गुठळी अडकली
आणि शब्द गेले. सगळे. शिव्यासुद्धा,
ज्यांत त्याचा हात कोणी धरला नव्हता.
उजवी मूठ उघडत नाही.
डावा अंगठा तेवढा शाबूत.

मुलीने, झेल्टीतेने, फोन आणून दिला,
त्यातले तयार चेहरे दाखवले.
त्याने एकेक नीट पाहिला
आणि फोन उशीखाली सरकवला.
मला कळलं. ते सगळे फारच खूश होते.
रडणारेसुद्धा कसे, धो धो,
लग्नघरात रडावं तसे.

मग मी बसले.
बाह्यरेषा काळी नाही, गडद तपकिरी;
काळीने चेहरा कोंडल्यासारखा दिसतो.
पिवळा जरा मळवून घेतला.
डोळे दोन-दोन ठिपक्यांचे, तोंड सातांचं.
त्याने पाहिलं, मान हलवली,
ओठाच्या कोपऱ्यावर नख टेकवलं
आणि खाली ओढलं.

एक ठिपका खाली.
त्याचं स्वतःचं तोंडही उजवीकडे
साधारण तेवढंच उतरलंय.
हसू गेलं. जे उरलं
त्याला काय म्हणायचं, मला सुचेना.
फाइलला नाव दिलं: थांब्यावर कोणी नाही.

भुवई एक घर चढवली की राग,
दोन घरं चढवली की आश्चर्य.
अर्ध्या घराचा राग काढता येत नाही,
तिथे रंग थोडा फिका करून
डोळ्याला फसवायचं.
असं फसवत फसवत मी काढले:
पुन्हा बिटाचंच सूप.
झेल्टीते, आता घरी जा.
शिवी, लहान.
शिवी, मोठी.
शिवी, ट्रामचा दरवाजा अडकल्यावरची.
ही शेवटची पाहून त्याच्या घशातून आवाज आला,
सात महिन्यांत पहिल्यांदा,
आणि झेल्टीते स्वयंपाकघरातून धावत आली
काय झालं म्हणून.

नोव्हेंबरात एक चेहरा बिघडला.
कडेला एक निळसर ठिपका राहून गेला.
पुसणारच होते, तेवढ्यात
गव्हाचा ट्रक काट्यावर चढला,
ड्रायव्हर खिडकीवर टकटक करायला लागला,
फाइल तशीच गेली.
दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पाठवली.
ती त्याने कधीच वापरली नाही.

बिघडलेलाच येतो. रोज.
कधी सकाळी गोळ्यांच्या वेळी,
कधी रात्री दोनला,
मी जागी आहे हे ठाऊक असतं त्याला.
मूळ आकारात तो ठिपका धड दिसतही नाही.
मोठं करून बघते तेव्हा तो असतो
चेहऱ्याच्या बाहेर, एक घर सोडून,
कान असता तर जिथे असता तिथे.
कान काढायला जागाच नव्हती.
अश्रू म्हणावा तर डोळ्यापासून लांब.
घाम म्हणावा तर असल्या थंडीत?

विचारणार कसं.
विचारलं तरी त्याचं उत्तर देणारा चेहरा
मलाच आधी काढावा लागेल.

म्हणून मी तोच परत पाठवते, ठिपक्यासकट.
थोडा वेळ काहीच येत नाही.
वारा. दोर. काट्यावर शून्य किलो.
मग फोन थरथरतो:
शिवी, लहान.